ओल्मेरा बंद पडलेलं नाही

पडद्यावर शेवटचा फोटो आला. दगडी इमारत, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारासमोर गुडघाभर गवत. "आणि इथे ओल्मेराची गोष्ट संपते," ग्रॅहम म्हणाला. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या त्या हॉलमध्ये जमलेल्या वीस-पंचवीस माणसांनी हळहळत टाळ्या वाजवल्या. माझ्या मनगटावर ओल्मेराच होतं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वीस झाले होते, माझ्या ओल्मेरात दोन एकवीस. एक मिनिट पुढे, नेहमीप्रमाणे. मला इतका राग आला की कानशिलं तापली.

मी हात वर केला. शेजारी माझी लेक रेवा बसली होती. इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत जाणारी, आणि आईने चारचौघांत तोंड उघडलं की जमिनीत गडप व्हायला बघणारी. "आई, प्लीज, डोन्ट," ती पुटपुटली. पण मी कसली थांबतेय!

"संपते म्हणजे काय?" मी विचारलं. "मग हे काय आहे?" आणि स्वेटरची बाही वर ओढून हात उंच धरला.

सगळी डोकी वळली. ग्रॅहमने चष्मा कपाळावर चढवला. सत्तरी ओलांडलेला, लांब बोटांचा माणूस. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता जुन्या घड्याळांच्या हौशी लोकांचा हा क्लब चालवतो. माझ्या घड्याळाच्या काचेला तडा गेला म्हणून मी ओटाहुहूच्या एका दुकानात गेले होते, तिथल्या मुलाने मला ह्या क्लबचा कागद दिला होता. त्याच्या मते काच बदलण्यापेक्षा नवं घेणं स्वस्त पडलं असतं. त्यालाही मी दोन शब्द ऐकवलेच होते.

"चहाच्या वेळी बघू या का?" ग्रॅहम हसत म्हणाला. सगळे हसले. मी नाही हसले.

ओल्मेरा हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मोठी स्विस नावं विमानतळावरच्या फलकांवर असतात, ती सगळ्यांना पाठ. ओल्मेरा त्यातलं नव्हतं. डोंगरातल्या एका गावात दोन भावांनी काढलेला कारखाना, बाजूला ओढा, वर्षातले पाच महिने बर्फ. मास्तरांना, कारकुनांना, बँकेतल्या लोकांना परवडेल असं घड्याळ. डायलवर नावाच्या वर तीन टोकांचा इवलासा डोंगर. आमच्या पुण्यात एके काळी नवऱ्या मुलाच्या हातावर सासऱ्याने ओल्मेरा बांधलं की मांडवात त्याची चर्चा व्हायची. हे सगळं ग्रॅहमने सांगितलं नाही. त्याला कुठून माहीत असणार?

चहाच्या टेबलावर प्रत्येकाने घरून काहीतरी आणलेलं होतं. मी शंकरपाळे नेले होते. ते भराभर संपले एवढं समाधान. ग्रॅहमने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ 'हं, हं' करत राहिला. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात ना, तसं.

"वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "केस ओल्मेराची आहे, मशीनचा सांगाडाही. पण डायल कुणीतरी हाताने रंगवलेली आहे. काटे दुसऱ्याच कंपनीचे. आणि बॅलन्स, ते मागेपुढे डोलणारं चाक दिसतंय ना, त्याचा दांडा तर काय आहे ते मलाही कळत नाही. कारखान्यातला नाही एवढं नक्की. भेसळ आहे ही. भारतातून अशी ढिगाने येतात. हिला ओल्मेरा म्हणता येणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोलणार तेवढ्यात त्याने खिशातून एक डबी काढली. आत पातळ कागद, कागदात ओल्मेराची कोरी डायल. रुपेरी, एक ओरखडा नाही, वर तो तीन टोकांचा डोंगर लखलखतोय. कारखाना मोडीत निघाला तेव्हा कुणी पेटीभर सुटे भाग विकले होते, ते फिरत फिरत त्याच्याकडे आले होते. पुढच्या महिन्यात क्लबचं ओल्मेरावर प्रदर्शन होतं. माझं मॉडेल त्यांच्याकडे नव्हतं. "ठेवून जा," तो म्हणाला. "डायल, काटे, बॅलन्स, सगळं मूळचं बसवतो. काचही. एक पैसा घेणार नाही. मधल्या कपाटात ठेवू. खरंखुरं ओल्मेरा होईल ते."

आणि मी दिलं. हो, दिलं! एवढी हात वर करून भांडलेली मी, घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवून मोकळी. ती डायल पाहिली आणि भुलले. अण्णांच्या तोंडून जन्मभर जे ऐकलं होतं ते डोळ्यांसमोर आलं, आणि मला वाटलं, त्यांना हेच हवं असणार.

गाडीत बसले आणि स्टिअरिंगवरचा हात हलका लागायला लागला.

अण्णा, माझे वडील, घड्याळजी होते. लक्ष्मी रोडच्या मागच्या एका बोळात जिन्याखालची सहा फुटी जागा, तेच दुकान. आत शिरलं की आधी पेट्रोलचा वास यायचा, कारण सुटे भाग पेट्रोलमध्ये धुवायचे. त्याच्या मागून पितळेचा वास, घामाने काळ्या पडलेल्या चामडी पट्ट्यांचा, आणि खडूच्या भुकटीचा. ब्रश त्या भुकटीत घासून मग चाकांवरून फिरवायचे. उलटे ठेवलेले काचेचे पेले ओळीने, आणि प्रत्येक पेल्याखाली उघडं पडलेलं एकेक घड्याळ. पंखा कधी लावायचा नाही. उन्हाळ्यात घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा तरी नाही. "एक स्क्रू उडाला तर तुझ्या आईला सगळं दुकान केरसुणीने शोधावं लागेल," अण्णा म्हणायचे. शिंक आली की बाहेर बोळात जाऊन शिंकायचं हा आमच्या घरचा कायदा होता.

लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. पत्रिका छापून झाल्या की लोकांना घड्याळाची आठवण व्हायची. सासऱ्याचंच जुनं ओल्मेरा जावयाला द्यायचं, पण नव्यासारखं करून. अण्णा पिवळ्या पडलेल्या काचेवर पॉलिश घासत बसायचे, त्या पॉलिशला दातांच्या पावडरीसारखा गोडसर वास. पावसाळ्यात काचेखाली वाफ धरलेली घड्याळं यायची. ती उघडून दिव्याखाली ठेवली की तबकडीवरून धुकं हळूहळू मागे सरायचं, आधी सहा दिसायचे, मग नऊ, मग बारा. मी शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन ते बघत राहायचे. दिवाळीच्या आधी रंगरंगोटी. घामाने खाल्लेल्या डायलवर अण्णा दोन केसांच्या कुंचल्याने एकेक रेघ परत काढायचे. श्वास रोखून एक रेघ, मग श्वास, मग दुसरी. तेवढा वेळ गिऱ्हाइकही गप्प उभं राहायचं.

आणि ओल्मेराचं पुस्तक. खरं म्हणजे ते कंपनीचं कॅटलॉग होतं, पण आमच्याकडे त्याला पुस्तकच म्हणत. जाड गुळगुळीत कागद, त्याला एक परदेशी वास. पहिल्या पानावर कारखाना आणि ओढा. दुसऱ्या पानावर आतला भाग, उंच खिडक्या, खिडक्यांलगत टेबलांची रांग, आणि प्रत्येक टेबलापाशी पांढरा एप्रन घातलेली एकेक बाई. डोळ्याला भिंग, हातात चिमटा.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमच्याकडे दादाला, माझ्या थोरल्या भावाला, टेबलापाशी बसवायचं ठरलं होतं. तो ढुंकूनही बघत नसे. मला बसायचं होतं तर आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीने चिमटा कसला धरायचा?" मी ते पुस्तक आणलं, दुसरं पान उघडलं आणि आत्याच्या पुढ्यात आपटलं. "ह्या काय पुरुष आहेत?" आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. अण्णांनी ते पान बराच वेळ पाहिलं. हजारदा पाहिलं असेल, पण तेव्हा बहुतेक नव्याने पाहिलं. मग स्टुलावर दोन उशा ठेवल्या आणि म्हणाले, "बस चिमे."

त्या स्विस बायांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. ग्रॅहमच्या फोटोंमध्येही दोघे मालक भाऊच होते, मिशा पिळलेले.

सुटे भाग हवे असले की अण्णा कंपनीला पत्र लिहायचे. इंग्रजीत, गल्लीतल्या जोशी मास्तरांकडून तपासून घेतलेलं. दोन-तीन महिन्यांनी निळा पत्र्याचा डबा यायचा, त्यात कापूस, कापसात बॅलन्सचे दांडे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. डबा आला की आई शिरा करायची. मग एका वर्षी डबा आला नाही. अण्णांनी परत लिहिलं. त्या पत्राचं उत्तर म्हणून अण्णांचं स्वतःचंच पाकीट परत आलं, न उघडलेलं, वर परक्या भाषेतला जांभळा शिक्का. मास्तरांनी कुणाकडून तरी अर्थ काढून आणला. कंपनी बंद.

बोळातल्या बाकीच्या घड्याळज्यांनी ओल्मेरा घ्यायचं सोडून दिलं. बॅटरीची घड्याळं आली होती, त्यात सोपं काम आणि रोकडा पैसा. लोक यायचे, काउंटरवर ओल्मेरा ठेवायचे आणि आपणच म्हणायचे, "कंपनी बंद झाली म्हणे. आता काय, टाकून द्यायचं ना?" अण्णा घड्याळ उचलून कानाला लावायचे. हळू बोलणारा माणूस, पण ह्या प्रश्नाला आवाज चढायचा. "कंपनी बंद झाली," ते म्हणायचे, "घड्याळाला कुणी सांगितलंय का तसं? ठेवून जा. गुरुवारी या."

गुरुवारपर्यंत काय करायचे, तर शिवणाच्या मशीनची सुई घ्यायचे. सुईचं पोलाद चांगलं. ती लाल करून नरम करायची, हातभर लांबीच्या लेथवर चढवायची आणि कोरून कोरून तिचा बॅलन्सचा दांडा करायचा. तो लेथ वीजबीज काही नाही, धनुकलीने फिरवायचा. बांबूची बारीक धनुकली, तिच्या दोरीचा वेढा सुईला, एका हाताने धनुकली मागेपुढे, दुसऱ्या हाताने पोलादाला पातं. जाड कामाला सुती दोरा चालायचा. पण दांड्याची टोकं कोरायची म्हणजे ती केसापेक्षा बारीक. तिथे दोरा धसमुसळा पडतो, टोक मोडतं. तिथे धनुकलीला केसच लावावा लागतो.

तो केस माझा असायचा. माझी वेणी कमरेखाली होती. रविवारी शिकेकाईने न्हाऊन झालं की आई तेलाची बाटली घेऊन यायची आणि अण्णा ओरडायचे, "थांब, तेल लावू नकोस!" तेलाचा केस घसरतो. चार लांब केस बघून, मुळाशी कात्री लावून ते घ्यायचे, पिळायचे, धनुकलीला बांधायचे. मग दुपारभर दुकानात तो आवाज, सुईवरून जाणाऱ्या केसाचा. झुरळाने कागदावरून चालावं तेवढाच. रस्त्यावर मिरवणूक चालली असली तरी मला तो ऐकू यायचा. माझे केस पुण्यातल्या किती मनगटांत चालले असतील, ह्याचा मला तेव्हा फार तोरा होता. शाळेत मैत्रिणी केस कापून आल्या, बॉबकट. मी नाही कापले. ओल्मेरा कसं चालणार मग?

कंपनी बंद झाल्यावर पंचवीसेक वर्षं अण्णांनी ओल्मेरा चालवलं. हो, चालवलं असंच म्हणते मी. ग्रॅहमच्या हिशेबात ही वर्षं नाहीत.

आठवडाभर मी उघड्या मनगटाने फिरले. पेनरोजला एका कारखान्यात मी सकाळच्या शिफ्टला सर्किट बोर्ड तपासते, दिवसभर भिंगाखाली बघायचं काम. सवयीने हात वळवायचे आणि तिथे फक्त पट्ट्याची पांढरी खूण. घड्याळ अण्णांचं स्वतःचं होतं. ते गेले तेव्हा मी इथेच होते, लॉकडाऊनमुळे विमानं मिळत नव्हती. दादाने सगळं केलं, आणि नंतर कुणाबरोबर तरी हे घड्याळ मला पाठवून दिलं. तेव्हापासून ते काढलं ते फक्त अंघोळीला.

दादाला फोन केला. "अगं मग उत्तमच की!" तो म्हणाला. "फुकटात ओरिजिनल करून देतोय तो गोरा. अण्णांनाही ओरिजिनल पार्टच हवा असायचा ना? नाइलाज म्हणून सुया कोरत बसायचे."

खरंच होतं ते. निळा डबा आला की शिरा व्हायचा, सुईचा कधी झाला नाही. फोन ठेवला आणि कुकर लावायला गेले तर तांदूळ धुताना एकदम कळलं. अण्णांना ओरिजिनल पार्ट हवा होता तो दुसऱ्यांच्या घड्याळांसाठी. निळ्या डब्यातला शेवटचा दांडा त्यांनी बँकेतल्या परांजप्यांच्या घड्याळात घातला होता, मी पाहिलंय. स्वतःच्या घड्याळात त्यांनी पहिला सुईचा दांडा घातला. चालतो का बघायला. तो त्यांच्या मनगटावर आयुष्यभर चालला, म्हणून पुढचे शेकडो चालले. तो दांडा मी हातातून काढून दिला होता, कचऱ्यात जायला.

"रेवा!" मी ओरडले. "गाडीची किल्ली कुठंय?"

"आई, इट्स स्टिल रश अवर," ती खोलीतून आली. माझा चेहरा बघून दचकली. "व्हॉट हॅपन्ड?"

मी सांगितलं. सुई, धनुकली, केस, सगळं. तिला हे कधी सांगितलंच नव्हतं मी. ती ऐकता ऐकता दारातच बसली. मग उठून तिनेच किल्ली घेतली, जँडल्स, त्या रबरी चपला, पायात सरकवल्या आणि म्हणाली, "आय्'ल ड्राइव्ह."

ग्रॅहमचं वर्कशॉप त्याच्या गॅरेजमध्ये होतं. नीटनेटकं इतकं की मला आधी रागच आला. भिंतीलगत प्रदर्शनाचं काचेचं कपाट तयार होतं, आत ओल्मेरांची ओळ. टेबलावर माझं घड्याळ उघडं पडलेलं. मूळची डायल त्याने बसवून ठेवली होती, काटेही. नवं बॅलन्स चिमट्यात धरून तो वाकला होता. अण्णांची डायल, अण्णांचे काटे आणि सुईच्या दांड्याचं बॅलन्स एका बशीत काढून ठेवलेलं.

"थांबा," मी म्हटलं. "तसंच ठेवा. माझं मला परत द्या."

"अहो, पंधरा मिनिटांचं काम राहिलंय," तो म्हणाला.

"एक मिनिटाचंही नको."

त्याने चिमटा खाली ठेवला. तो वाईट माणूस नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी त्याला सांगितलं, माझ्या तुटक इंग्रजीत, जिथे अडले तिथे रेवाने पुरं केलं. त्याने बशीतलं बॅलन्स उचलून भिंगाखाली धरलं. बराच वेळ धरलं. "शिवणाची सुई," तो स्वतःशीच म्हणाला. "टोकं अप्रतिम आहेत. पण समजून घ्या, हे ओल्मेराचं काम नाही. ओल्मेराचं म्हणजे त्या कारखान्यात झालेलं. त्यानंतरचं सगळं जुगाड."

"कारखान्याने ज्यांना वाऱ्यावर सोडलं त्यांची घड्याळं माझ्या वडिलांनी चालवली," मी म्हटलं. "तुमचे ते दोघे मिशीवाले भाऊ आले होते का दुरुस्त करायला? ओल्मेरा म्हणजे चालणारं घड्याळ. ते ज्याने चालवलं तो ओल्मेराचा माणूस. परत बसवा ते."

त्याने मान हलवली. "मी नाही बसवू शकत. मूळचा भाग हातात असताना मी घड्याळात सुई घालू? पन्नास वर्षांत असलं काम केलेलं नाही. दुसऱ्या कुणाकडे न्या."

तो मनापासून बोलत होता, म्हणून जास्त चीड आली. दुसरं कोण आहे ह्या अख्ख्या ऑकलंडमध्ये?

"मग उठा," मी म्हटलं. "खुर्ची द्या मला."

"आई?" रेवा म्हणाली.

मी शेवटचं घड्याळ जोडलं त्याला तीस वर्षं झाली होती. लग्नाआधी. चुकले असते तर तो दांडा मोडला असता आणि त्या सुईला, त्या धनुकलीला, त्या माणसाला आता कुठून आणायचं होतं? ग्रॅहम उठला. काय वाटलं त्याला कोण जाणे. त्याची खुर्ची उंच होती, उशीबिशी काही लागली नाही.

आधी नवे काटे आणि ती लखलखीत डायल काढली. वाईट नाही वाटलं. अण्णांची बसवली, तिचे दोन स्क्रू आवळले. काटे दाबले, तास, मिनिट. इथपर्यंत हातांना आपसूक येत होतं. मग मशीन पालथं केलं आणि बॅलन्स उचललं. ते पिसासारख्या स्प्रिंगला लोंबकळत फिरायला लागलं. खालचं टोक खड्याच्या भोकात शिरलं पाहिजे, भोक दिसतही नाही, ते शिरल्याचं चिमट्याला कळतं. वरून पूल, म्हणजे वरचं टोक धरणारी पट्टी, ठेवला. बॅलन्स हललं नाही.

"स्क्रू पिळू नका," ग्रॅहम घाईने म्हणाला आणि त्याचा हात पुढे आला.

"हात लावू नका!"

मला का ठाऊक नव्हतं? हलत नसेल तर जोर लावायचा नाही, उचलायचं, परत ठेवायचं. अण्णांनी हे एवढ्यांदा सांगितलं होतं की मी वैतागून चिमटा फेकला होता एकदा. उचललं. घाम डोळ्यात उतरत होता, रेवाने मागून येऊन माझ्याच ओढणीच्या टोकाने माझं कपाळ टिपलं, न सांगता. परत ठेवलं. नाही. परत उचललं. तिसऱ्यांदा ठेवलं आणि काही करायच्या आत ते आपणहून डोललं. एकदा, दोनदा, आणि मग सुटलंच.

मी स्क्रू आवळला, मशीन केसमध्ये घालून झाकण लावलं आणि मला रडू आलं. त्या परक्या माणसाच्या गॅरेजमध्ये मी हमसून रडले. आलं तर आलं. लपवायचं कशाला?

"आजोबांनी बनवला तो? विथ हिज हॅन्ड्स?" रेवा म्हणाली. तिचं निम्मं वाक्य मराठीत होतं, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

ग्रॅहम पुढे आला. त्याने घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं, त्याच्या मशीनवर ठेवून चाल तपासली. मग खुर्चीवर माझ्यासमोर बसला. "मी चुकलो असं नाही म्हणणार," तो म्हणाला. "पण हे लोकांना दिसायला हवं. प्रदर्शनात ठेवू या. वेगळं कार्ड लिहू, भाग बदललेले आहेत म्हणून. मधल्या कपाटात नाही जमायचं, कोपऱ्यात जागा करतो."

मी त्या कपाटाकडे पाहिलं. मखमलीवर दहा-बारा ओल्मेरा, एकाहून एक देखणी, कारखान्यातून निघाली तशी. प्रत्येकात दहा वाजून दहा मिनिटं झालेली. कुणी चावी दिलेली नाही, देणारही नाही.

मी पट्टा मनगटाला आवळला.

"कोपऱ्यातही नको आणि मध्येही नको," मी म्हटलं. "तुमच्या कपाटातली सगळी बंद आहेत, ग्रॅहम. ह्याला उद्या सकाळी सहाची शिफ्ट आहे."